पुढे ढकललेली चाचणी

दोन वर्षं दर शनिवारी, तुआस या औद्योगिक भागातल्या भाड्याच्या गाळ्यात, अनिमेष आणि त्याची बायको प्रणिता एक जुनी जीप खडकांवर चढवण्यासाठी तयार करत होते. इंजिन त्याचं, सस्पेन्शन तिचं. जीप बोटीने ऑस्ट्रेलियाला गेली. तिथल्या वाळवंटात चाचणी दोघांनी मिळून घ्यायची, असं ठरलं होतं.

"चाचणी पुढे ढकललीय गं. मी ऑफिसच्या कामाने पर्थला जाऊन येतो," म्हणून अनिमेष सोमवारी गेला.

शनिवारी प्रणिताला मोबाइलवर त्याचं लाइव्ह दिसलं. तांबडे खडक, त्यांची जीप, आणि प्रणिताच्या सीटवर त्याचा मित्र रुचिर.

"सस्पेन्शन कुणी केलं रे?" रुचिरने विचारलं.

"मीच. एकट्याने."

तिने फोन लावला. स्क्रीनवर त्याचा हात पुढे आला आणि फोन कट झाला. दुसऱ्यांदाही तेच. मग तिने लाइव्हखालीच लिहिलं: "चढू नकोस. फोन उचल."

"वहिनी चिडल्यात!" रुचिर हसला.

"आणलं नाही ना तिला. ऐकून घेईन घरी गेल्यावर."

जीप पहिल्या खडकावर चढू लागली. सस्पेन्शनला बोटीच्या प्रवासापुरते कच्चे बोल्ट लावले होते; चाचणीआधी ते काढून बसवायचे चार पक्के बोल्ट प्रणिताच्या डायनिंग टेबलावर होते.