टबाचा पहिला मान

"आधी एकदा भरून रिकामा करायचा," रोहित मोबाईलवर बघत म्हणाला. "पाइपात फॅक्टरीची घाण राहते. मग पुसायचा आणि दुसऱ्यांदा भरायचा. बाई, होईल न तुझ्याकडून?"

"होईल," मथुराबाई म्हणाली.

सिंधीपुऱ्यातल्या घरामागच्या अंगणात कालच टब बसवला होता. गरम पाण्याचा, बुडबुडे सोडणारा, चौघं आरामात बसतील एवढा. बसवणारे वायर जोडून निघून गेले. उरलेलं काम मथुराबाईच्या वाट्याला आलं, जसं या घरातलं सगळंच यायचं. गावाहून आल्यापासून झाडू, धुणी, स्वयंपाक तिच्याकडेच होता. तिला नाही म्हणायची सवय नव्हती, आणि असं माणूस मिळालं की लोकांनाही विचारायची सवय राहत नाही.

तिने टबात उतरून तळ पुसला. उन्हाळे-पावसाळे केळीच्या बागेत काढलेले, गुडघे कधीच कामातून गेले होते. उठताना तोंडातून "माय वं" निघालं.

रोहितला जरा वाईट वाटलं असावं. "पाणी गरम झालं न, की सबसे पहले तू बसायचं. गुडघे मोकळे होतील. पक्का."

एवढ्याशा शब्दावर ती हरखली. बिचारीला तेवढंही कोणी देत नव्हतं.

पाणी तापायला वेळ लागत होता. ती येता-जाता झाकण उचलून हात बुडवून बघायची. संध्याकाळी रोहितची बायको चारुलता आली. तिने पाणी तपासायची कागदाची पट्टी आत बुडवली, डब्यावरच्या रंगांशी ताडून पाहिली. "झालं तयार."

मथुराबाईने लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलं. "पाय सोडू का मग?"

"आत्ता नको, बाई. तुमच्या पायांना भेगा आहेत, पाणी खराब होईल. पाहुणे येताहेत."

मथुराबाईने रोहितकडे पाहिलं.

"बाद में, बाई," तो म्हणाला. "ते गेल्यावर."

चारुलताची मैत्रीण गायत्री आणि तिचा नवरा इंदूरहून आले. चौघं टबात उतरले. मथुराबाईने भजी आणून दिली, टॉवेल आणून दिले आणि वाफेकडे बघत बाजूला उभी राहिली.

"चारू, तुझी बाई किती मन लावून करते गं," गायत्री म्हणाली. "आमच्याकडे तर कोणी टिकतच नाही, यार."

चारुलताने नवऱ्याकडे पाहिलं. रोहितने बुडबुडे वाढवले.

"गावाकडची आहे," तो म्हणाला. "जुनी आहे आमच्याकडे."

मथुराबाईला ते फार लागलं. हातातली चटणीची वाटी तिने काठावर ठेवली.

"बाई, येता का इंदूरला?" तिची टबाकडे लागलेली नजर पाहून गायत्रीने हसत विचारलं. "आमच्याकडेही असाच टब आहे. रोज पाय सोडून बसा, कोणी काही म्हणणार नाही."

रोहित मान वर करेना. त्याचे कान लाल झाले होते.

"येईन की," मथुराबाई म्हणाली. "पण साहेबांना विचारा."

लहानपणापासून तिला बाईच म्हणणाऱ्या पोटच्या पोराला ती आज पहिल्यांदाच साहेब म्हणाली.