चेहरा नसलेला फोटो

संस्थेच्या ताईंनी वस्तीतल्या पोरांना रोलचे कॅमेरे वाटले, तेव्हाच छायाच्या मनात पाल चुकचुकली. "फोटो बघणार कोण?" तिनं विचारलं. "घाबरू नका, प्रदर्शनात कुणाचाच चेहरा दिसणार नाही," ताई म्हणाल्या. तरी लेकीनं कॅमेरा उचलला की छाया तोंड फिरवायची. आज सातपूरच्या समाजमंदिरात लेकीनं आईला आणि आजीला ओढतच आपल्या फोटोपुढे आणलं. खाली तिनंच लिहिलं होतं, 'आईचं रोजचं औषध'. चेहरा खरंच नव्हता. नुसता हात होता, हातात पाळणा लांबवायच्या गोळ्यांचं पाकीट आणि मनगटावर गोंदलेलं तुळशीवृंदावन. ते लग्नाच्या वर्षी आता शेजारी उभ्या असलेल्या सासूनंच समोर बसून गोंदवून घेतलं होतं. तीच सासू सप्तशृंगीला नवस बोलून नातवाची वाट बघत होती. छायानं गुपचूप पदर मनगटावर ओढला. म्हातारी फोटोवरची नजर न काढता म्हणाली, "छाये, हात दाखव बरं."