झोपेचा माग

भाऊबिजेला आलेल्या मृदुलाने भेटीचा डबा उघडला, तशा कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूची सूचना देणाऱ्या तीन घंटा भिंतीवर चढल्या आणि पालींसारख्या सरकत माणसांच्या झोपेचा माग घेऊ लागल्या. जिथे रोज कुणी झोपते, तिथेच त्या बसत. एक निरंजनच्या पलंगापाशी थांबली, दुसरी मुलांच्या खोलीत.

तिसरी नानांच्या खोलीत शिरली. बहीण येणार म्हणून निरंजनने कालच तिथले आपले ऑफिसचे टेबल हलवून वडिलांचा पलंग मांडला होता. चादरीच्या घड्या अजून मोडल्या नव्हत्या. घंटा उशीभोवती फिरली. तिथे कुणाचाच श्वास मुरलेला नव्हता. मग ती स्वयंपाकघर ओलांडून मागच्या बंदिस्त गॅलरीत गेली आणि गॅस गीझरशेजारच्या वळकटीपाशी स्थिरावली.

“नाना, इथे? गीझरपाशी?” मृदुलाने विचारले.

“छे गं! हे तुझं यंत्रच वेडं आहे,” नाना हसले. “स्वस्तातलं आणलंस की काय?”

त्यांनी घंटा अलगद उचलून खोलीतल्या उशीजवळ ठेवली. ती पुन्हा गॅलरीकडे निघाली. नानांनी पुन्हा आणली, तिला हाताच्या ओंजळीने अडवून धरले, आणि लेकीकडे पाहून हसत राहिले. मुलाची लाज ते तशीच झाकू पाहत होते.

निरंजनला ते पाहवेना.

“सोडा तिला, नाना,” तो खाली मान घालून म्हणाला. “ताई, ते तिथेच झोपतात.”