पंगतीतला रिकामा पाट

कोल्हापूरजवळच्या त्या संग्रहालयात सिमेंटचं अख्खं गाव वसवलं होतं. भाऊबंदकी तेवढी वगळली होती, बाकी सगळं हुबेहूब.

पहारेकरी गणपतराव दुपारी तिथल्या पंगतीत, पुतळ्यांच्या मधल्या रिकाम्या पाटावर बसून चटणी-भाकरी खायचे. पंगतीत वाढणारीचा पुतळा त्यांच्या बायकोला, अंजनाला, समोर उभं करून घडवलेला. पुढं ती वारली, आणि घरी एकट्याच्या घशाखाली घास उतरेना.

"मामा, उद्यापासनं इथं काच बसणार हाय," व्यवस्थापक केतन म्हणाला. "आजच्या दिवस जेवा."

"व्हय," म्हणून गणपतराव पाटावर बसले.

एका पर्यटक बाईंनी त्यांचा फोटो काढला. "म्हातारा काय जिवंत केलाय की," त्या नवऱ्याला म्हणाल्या. गणपतराव हलले नाहीत. जाता जाता कुणाचा हिरमोड कशाला करा.

बाई गेल्यावर त्यांनी वर बघितलं. अंजनाच्या हातातली आमटीची पळी कलली होती. ती पहिल्यापासनं कललेलीच असणार, त्यांनी स्वतःला समजावलं. अंजनाला बास म्हटलेलं कधी ऐकू येत नसे. सवयीनं त्यांनी ताटावर हात आडवा धरला.

"बास गं," ते म्हणाले.

हाताच्या पाठीवर कढत आमटी पडली.

गणपतरावांनी हात हळूच बाजूला घेतला.