दुसरा पेशंट

वल्लरीला शुद्ध आली तेव्हा शेजारच्या खाटेवर स्वानंद झोपला होता. हाताला सलाईन, कपाळाला पट्टी. ऑपरेशन आपलं झालं की नवऱ्याचं, हेच तिला क्षणभर कळेना.

सिस्टरांनी हसू दाबत सगळं सांगितलं. वल्लरीची उजवी गर्भनलिका पाण्यानं फुगून बंद झाली होती. ते पाणी गर्भाशयात झिरपत राहिलं तर आयव्हीएफ करूनही गर्भ रुजायचा नाही, म्हणून ती नलिका आधी काढायची असं ठरलं होतं. काढल्यावर डॉक्टरीणबाई ती ट्रेमध्ये घेऊन नातेवाइकांना दाखवायला बाहेर आल्या. स्वानंदनं एकदाच ट्रेकडे पाहिलं आणि तो दाराच्या कडेवर कपाळ आपटून खाली आला. तीन टाके. सासूबाईंनी मात्र चष्मा पुसून नलिका नीट न्याहाळली आणि डावीचं काय, असं विचारलं. डावी मोकळी आहे हे ऐकल्यावरच त्या मुलाला उचलायला वळल्या.

वल्लरीनं पोटावर हात ठेवला. सासूबाईंनी ठाण्याला हॉस्पिटलात येऊ नये म्हणून तिनं आठवडाभर नाना कारणं सांगितली होती. लग्नाच्या सहा वर्षांत त्या मूल होण्याबद्दल चकार शब्द बोलल्या नव्हत्या, आणि तिला धास्ती होती ती त्याचीच. आता त्या दोन खाटांच्या मधे स्टुलावर बसून मोसंबी सोलत होत्या.

दुपारी डोंबिवलीहून शेजारचे आले. तेही आधी स्वानंदलाच, फार दुखतंय का, असं विचारून गेले.

मग कल्याणहून उत्तराआत्यांचा, म्हणजे स्वानंदच्या आत्याचा फोन आला. हात मोसंबीनं ओले, म्हणून सासूबाईंनी स्पीकर लावला. ऑपरेशन कसं झालं, जेवणाचं काय केलं, सगळं विचारून झाल्यावर आत्यांनी आवाज खाली आणला.

“वहिनी, आपल्यातच राहील. दोष नेमका कुणात आहे?”

वल्लरीनं भिंतीकडे तोंड फिरवलं. पलीकडे स्वानंद सिस्टरांना, कपाळावर व्रण राहील का, असं तिसऱ्यांदा विचारत होता.

सासूबाईंनी मोसंबीची फोड सुनेच्या हातावर ठेवली.

“स्वानंदमध्ये,” त्या म्हणाल्या. “लहानपणापासूनच आहे, वन्सं. आज डॉक्टरांसमोर दिसला, इतकंच.”