समोरचा गडी

"समोरचा साडेचार हजारांवर आला," माणसं पुरवणाऱ्या एजन्सीची नशवाबाई फोनवर म्हणाली. "बोला बाशमुहंदिस, मोठे इंजिनियर तुम्ही, तुमचा रोज किती सांगू?"

हिल्मीच्या अंगाचा तिळपापड झाला. काल हाच समोरचा पाच हजार पौंड रोजावर होता. हिल्मी थोडा खाली उतरला, तर हा मेला रात्रीतून आणखी खाली! सुएझचा तेलकारखाना दुरुस्तीसाठी बंद राहणार होता. वेल्डिंगचे सांधे तपासायला एकच माणूस हवा होता, आणि हिल्मी हिवाळ्यापासून घरी बसून होता. हे काम हातचं गेलं तर मेहुण्याच्या फरशांच्या दुकानात गल्ल्यावर बसायचं, असं घरात ठरून गेलं होतं. मेहुणा तर वाटच बघत होता.

"पण आहे कोण हा?"

"नाव कुठून सांगू? दुसऱ्या एजन्सीचा माणूस आहे. आम्ही सगळेच माणसाच्या माहितीच्या कागदावरून नाव आणि फोन खोडून पाठवतो, नाहीतर कंपनी परस्पर माणूस उचलेल. कारखान्याच्या साहेबाकडून एवढंच कळलं, की सुएझचा आहे, जुना आहे, आणि जिथे जिथे तुम्ही काम केलंत तिथे तिथे त्यानंही केलंय."

आता नाव सांगायची गरजच उरली नाही. जिथे जिथे हिल्मी, तिथे तिथे शौकी. दोघं एका बाकावर शिकले, एकाच टाकीच्या पोटात घुसून घामाघूम झाले. पण नशीब म्हणाल तर सगळं शौकीच्या पदरात. शौकीची गाडी नवी. शौकीचा मुलगा परदेशात. शौकी आपला दर सांगून गप्प बसायचा, आणि एजन्सीवालेच मुकाट्यानं हो म्हणायचे. एकाच एजन्सीशी बोलायचा, तरी काम त्याच्या दारी चालत यायचं. हिल्मीनं रमजानात दिसेल त्या एजन्सीला कागद पाठवले, 'दर तुम्हीच ठरवा' म्हणून पायघड्या घातल्या. कुत्रंसुद्धा फिरकलं नाही. इतक्या वर्षांत हिल्मीनं हे सगळं हसून गिळलं होतं. आता मात्र घशाशी आलं.

"चार हजार," तो म्हणाला.

दुपारच्या आत फोन आला. समोरचा चाराच्याही खाली गेला होता.

"साडेतीन सांगा!"

"अहो, जरा दमानं घ्या! यात माझंही पोट आहे."

"सांगा म्हणतो ना!"

संध्याकाळी नशवाबाईचा आवाजच बसला होता. "बाशमुहंदिस, तो बत्तीसशेला गेला. हात टेकले बाई मी तर. एवढ्यात माझं काही सुटत नाही. जाऊ द्या आता हे काम."

हिल्मी तडक कॉफीखान्यात गेला. शौकी नेहमीच्या टेबलाशी बसला होता. तावला या फाशा-सोंगट्यांच्या खेळाचा पट मांडलेला, हिल्मीचा पुदिन्याचा चहा आधीच मागवलेला. वर डोळ्यांवर नवा काळा चष्मा. सावलीत बसून काळा चष्मा! काय ही मिजास!

"ये रे. आज हरलास तर आठवडाभर चहा तुझ्याकडून." शौकीनं फासे टाकले आणि पटावर अगदी नाक टेकवून बघितले.

"तुला काय कमी होतं रे?" हिल्मी उभ्यानंच ओरडला. आजूबाजूचे हुक्के थांबले. "माझ्या तोंडचा घास काढायला स्वतःला फुकट विकलंस! लाज वाटली नाही? असल्या माणसाला बाजारात उभं करू नये. भीक मागायला बसवावं मशिदीच्या पायरीवर."

"काय बोलतोयस? कुठलं काम?"

"कारखान्याचं! मला शिकवू नको."

शौकीनं चष्मा काढला. एका डोळ्यावर पट्टी होती, दुसरा लाल झाला होता.

"ते काम आधी माझ्याकडेच आलं होतं," तो हळू म्हणाला. "आपल्या धंद्यात दर वर्षी डोळे तपासून घ्यावे लागतात, तुला ठाऊक आहे. या खेपेला नापास झालो. ज्याला आपला फासा दिसत नाही, त्याला सांध्यातली चीर काय दिसणार? म्हणून मीच नशवाला म्हटलं, हिल्मीला विचार. त्याच्यासारखा माणूस नाही सुएझमध्ये."

शौकीनं सोंगट्या चाचपडत गोळा केल्या, पट मिटला, दोन्ही चहांचे पैसे ठेवले आणि खुर्च्यांच्या पाठी धरत धरत बाहेर निघाला. हिल्मीनं त्याला हाक मारायला तोंड उघडलं, एवढ्यात त्याचा फोन वाजला. नंबर अनोळखी होता.

"बाशमुहंदिस हिल्मी का? मी इस्माइलियाहून अय्यूब. रमजानात तुम्ही आमच्या एजन्सीला कागद पाठवले होते ना, दर तुम्हीच ठरवा म्हणून? मुबारक! सुएझच्या कारखान्याचं काम तुमचं झालं. बत्तीसशे रोज. विचारायला सवड नव्हती, तुमचा शब्द धरून उतरत गेलो. काय करणार? समोरचा गडीच असला हावरट, मी एक पायरी उतरलो की तो दोन! पण शेवटी लोळवलाच की नाही?"

दाराशी शौकी पायानं उंबरा शोधत होता.

"हॅलो? ऐकताय ना?" अय्यूब खुशीत हसत म्हणाला. "तुमच्या सुएझचाच आहे म्हणे तो. ओळखता का हो त्याला?"