आवाजाला वाली

"हे पॅकेज पुढच्या आवृत्तीतून काढत आहोत. त्याला सांभाळणारं कोणी उरलेलं नाही."

संगणकाने लिनक्स या मोफत संगणकप्रणालीच्या स्वयंसेवकांची मेल वाचून दाखवली आणि अंध कुंदाताईंची बोटं कीबोर्डवर थबकली. ज्या मराठी आवाजात त्या हे ऐकत होत्या, त्याचंच ते पॅकेज होतं; तो आवाजच आता जाणार होता. त्या शिकवत त्या अंधशाळेतले सगळे संगणक त्याच आवाजात बोलत. लिनक्ससोबत तो आपसूक येत नसे, वेगळा बसवावा लागे.

"इंग्रजी आवाज आहे की," हेडमास्तर म्हणाले. "मुलं शिकतील हळूहळू."

"आणि तोवर मुक्या यंत्रापुढे बसतील?"

कुंदाताईंनी लगेच उत्तर धाडलं, "मी सांभाळते." मग जुना कोड ओळ न् ओळ ऐकत त्या दुरुस्तीला बसल्या. नव्या आवृत्तीवर पॅकेज काही केल्या चालेना. जुन्या संगणकावरचा आवाज शांतपणे चुका वाचत राही.

"तुझ्यासाठीच मरतेय मी!" एकदा त्या त्याच्यावरच खेकसल्या.

शेवटी भरल्या वर्गात त्यांनी नवी आवृत्ती असलेल्या संगणकावर पॅकेज बसवलं, त्याची माहिती उघडली. क्षणभर काहीच ऐकू येईना. मग तोच आवाज, तितक्याच कोरडेपणाने, म्हणाला, "सांभाळणारी व्यक्ती: कुंदा देवरुखकर."

"पुन्हा म्हण," त्या म्हणाल्या आणि कळ दाबली.